उरची महापुजारीण एनहेदुआना आणि तिची स्तोत्रे

एनहेदुआना ही प्राचीन सुमेरमधील उर या नगराची महापुजारीण. दक्षिण इराकमध्ये नासिरिया शहराजवळ तेल अल-मुकय्यर नावाचे उजाड टेकाड आहे. उरचे अवशेष तिथे आहेत. नन्ना हा चंद्रदेव या नगराचे दैवत. इ.स.पू. २३०० च्या सुमारास त्याच्या मंदिराचा सर्वोच्च मान एनहेदुआनाकडे होता. तिच्या नावावर असलेली सुमेरियन भाषेतील स्तोत्रे आज उपलब्ध आहेत आणि ज्यांच्या कर्त्याचे नाव माहीत आहे अशा जगातील काव्यांमध्ये त्यांना सामान्यतः पहिले स्थान दिले जाते. तिच्याआधी काव्य नव्हते असा याचा अर्थ नाही. अबू सलाबिख येथे मिळालेल्या, तिच्याहून दोनेकशे वर्षे जुन्या मातीच्या पाट्यांवर केश नगराच्या मंदिराचे एक स्तोत्र आहे, शुरुप्पाक या दंतकथेतल्या पुरुषाच्या तोंडी घातलेला उपदेशही आहे. ते कोणी रचले, ते मात्र कळायला मार्ग नाही. एनहेदुआनाच्या बाबतीत नाव आहे, आईबापांपैकी बापाचे नाव आहे, हुद्दा आहे, दगडात कोरलेली आकृती आहे, आणि तिच्या नावाच्या काव्यात तिच्यावर ओढवलेल्या संकटाची हकिकतही आहे. इतक्या जुन्या काळातील दुसऱ्या कोणत्याही कवीबद्दल एवढे सांगता येत नाही.

तिचा बाप म्हणजे अक्कडचा राजा सार्गोन. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यात दक्षिणेकडचा प्रदेश सुमेर आणि त्याच्या उत्तरेचा अक्कड. सुमेरमध्ये उर, उरुक, लगाश, उम्मा, निप्पूर अशी जुनी नगरराज्ये होती. प्रत्येकाचा राजा वेगळा, दैवत वेगळे, आणि शेतीच्या पाण्यावरून व बांधावरून त्यांची आपसात पिढ्यान् पिढ्या भांडणे. सार्गोनने उरुकच्या लुगालझगेसी राजाचा पराभव केला, दक्षिणेची नगरे एकेक करून जिंकली आणि सगळा मुलूख एका छत्राखाली आणला. त्याचा काळ साधारणपणे इ.स.पू. २३३४ ते २२७९ असा धरतात. त्याची राजधानी अक्कड अद्याप सापडलेली नाही. मेलुह्हा, मगन आणि दिल्मुन इथली गलबते अक्कडच्या धक्क्याला लागतात, असा अभिमान त्याने आपल्या लेखात मिरवला आहे. मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच अक्कडी काळातील, मेलुह्हाच्या भाषेच्या एका दुभाष्याची मुद्राही उपलब्ध आहे. एनहेदुआनाच्या जगाची व्याप्ती अशी भारतीय उपखंडापर्यंत पोचलेली होती.

जिंकणे सार्गोनला जमले. जिंकलेले सांभाळणे अवघड होते. सुमेरची भाषा वेगळी होती. जगातील कोणत्याही ज्ञात भाषेशी सुमेरियनचे नाते अजून जुळलेले नाही. अक्कडी ही सेमिटिक कुळातली, म्हणजे अरबी आणि हिब्रूच्या गोतातली. दक्षिणेच्या नगरांना अक्कडचे राज्य परके वाटे आणि संधी मिळताच ती बंड करत. अशा परिस्थितीत सार्गोनने आपल्या मुलीला उरच्या चंद्रमंदिरात महापुजारीण म्हणून बसवले. सैन्याच्या ठाण्याने जे साधत नाही ते देवळाच्या आश्रयाने साधेल, हा त्यामागचा हिशेब असावा. तो खरा ठरला, असे पुढच्या घटनांवरून दिसते, कारण पुढे राजवंश बदलले तरी राजकन्येला उरची महापुजारीण करण्याची प्रथा चालू राहिली.

‘एनहेदुआना’ हे तिचे जन्मनाव नव्हे. पद स्वीकारताना घेतलेले हे सुमेरियन नाव असून त्याचा अर्थ साधारणपणे ‘महापुजारीण, आकाशाचे भूषण’ असा होतो. जन्मतः तिला अक्कडी नाव असणार. ते काळाच्या ओघात हरवले. ‘एन’ हे पद सुमेरच्या धर्मव्यवस्थेत फार मोठे. देव पुरुष असेल तर सामान्यतः एन स्त्री असे आणि देवी असेल तर पुरुष. उरुकमध्ये इनाना देवीचा एन पुरुष होता. उरची एन ही नन्नाची पत्नी समजली जाई, म्हणजे ती पृथ्वीवर नन्नाच्या पत्नीची, निंगाल देवीची, जागा घेई. तिची निवड शकुनावरून होई. पुढच्या काळातील नोंदींवरून दिसते की कोकराचे किंवा करडाचे काळीज पाहून देवाचा कौल घेतला जाई, आणि ही घटना एवढी महत्त्वाची मानली जाई की त्या वर्षालाच ‘नन्नाची महापुजारीण निवडली गेली ते वर्ष’ असे नाव पडे. पद तहहयात असे.

या पदाबरोबर जपजाप्य आणि नैवेद्य तर होतेच, त्याशिवाय मोठा कारभार होता. मंदिराच्या मालकीच्या जमिनी, गुरेढोरे, मेंढरे, खजुराच्या बागा, लोकर विणणाऱ्या बायका, धान्याची कोठारे हे सगळे महापुजारिणीच्या देखरेखीखाली चाले. तिच्या निवासस्थानाला गिपारु म्हणत. पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वूली यांनी उत्खनन केलेला गिपारु एनहेदुआनानंतरच्या काळात पुन्हा बांधलेला आहे, पण त्यावरून या वास्तूची कल्पना येते. लांबी-रुंदीला सुमारे ऐंशी मीटरचा हा जवळजवळ चौरस वाडा. त्यात निंगालचे देऊळ, पुजारिणींच्या राहण्याच्या खोल्या, चौक, आणि जुन्या पुजारिणींची थडगीसुद्धा. देवळाच्या मुदपाकखान्यात विहीर होती, भाकरीची भट्टी होती, चुली होत्या, आणि मांस तोडण्यासाठी विटांचा एक ओटा होता. त्यावर डांबराचा थर दिलेला होता आणि त्या डांबरावर सुऱ्यांच्या वारांचे आडवे-उभे चरे जसेच्या तसे राहिले होते. देवीचा रोजचा नैवेद्य या ओट्यावरून जात असे.

वूली यांचे उत्खनन ब्रिटिश म्युझियम आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे संग्रहालय यांच्या संयुक्त मोहिमेचा भाग होते. ते १९२२ ते १९३४ पर्यंत चालले. १९२७ मध्ये गिपारुच्या परिसरात अर्धपारदर्शक पांढऱ्या दगडाची एक फुटलेली चकती हाती लागली. तिचा व्यास सुमारे २५ सेंटिमीटर आणि जाडी ७ सेंटिमीटर. पुढच्या बाजूवर मधोमध एक पट्टा कोरलेला आहे आणि त्यात चार आकृत्या ओळीने उभ्या आहेत. सर्वांत पुढे एक नग्न पुरोहित तोटीच्या भांड्यातून वेदीपुढे अर्घ्य देतो आहे. त्याच्या मागे एनहेदुआना उभी आहे: पायघोळ, चुणीदार झालरींचे एकावर एक थर असलेला झगा, डोक्यावर गोल कडेचे शिरोवेष्टन, खाली रुळणारे केस आणि वंदनासाठी उचललेला हात. तिच्या मागे दोन सेवक. अर्घ्य ओतणारा हात पुरोहिताचा असला तरी विधी तिच्या अधिपत्याखाली चालला आहे, हे तिच्या उभे राहण्यावरून कळते. चकतीच्या मागच्या बाजूला लेख आहे. त्यात ती स्वतःला नन्नाची पत्नी आणि सार्गोनची कन्या म्हणवते आणि इनानाच्या मंदिरात एक वेदी बांधून तिला नाव दिल्याची नोंद करते. दगडावरचा लेख जागोजाग तुटला आहे. सुदैवाने काही शतकांनी उरच्याच एका लेखनिकाने तो मातीच्या पाटीवर उतरवून घेतला होता. त्या नकलेवरून गाळलेल्या जागा भरता आल्या. चकती आता फिलाडेल्फियाच्या पेन म्युझियममध्ये आहे.

ही चकती सापडली ती एनहेदुआनाच्या काळच्या थरात नव्हे, तर त्यानंतर काही शतकांनी आलेल्या इसिन आणि लार्सा राजवंशांच्या थरात. त्याच परिसरात एनानातुमा या पुढच्या काळातल्या महापुजारिणीचा पुतळाही मिळाला. याचा अर्थ असा की गिपारुमध्ये राहणाऱ्या नंतरच्या पुजारिणींनी आपल्या या पूर्वज पुजारिणीची वस्तू जपून ठेवली होती.

तिच्या अस्तित्वाचा आणखी एक पुरावा फार लहान आकाराचा आहे. मेसोपोटेमियात सही-शिक्क्यासाठी दगडाची छोटी लाटण्यासारखी मुद्रा वापरत. ती ओल्या मातीवर फिरवली की चित्र आणि अक्षरे उमटत. एनहेदुआनाच्या तीन नोकरांच्या अशा मुद्रा माहीत आहेत. अड्डा तिच्या मालमत्तेचा कारभारी, सगदू तिचा लेखनिक, आणि इलुम-पालिल तिचे केस सजवणारा. इलुम-पालिलची मुद्रा लाजवर्दाची, म्हणजे अफगाणिस्तानातील बदख्शानहून आलेल्या निळ्या मौल्यवान दगडाची आहे. केशभूषा करणाऱ्या माणसाकडे इतका महाग दगड आणि त्यावर मालकिणीचे नाव कोरण्याचा मान, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. महापुजारिणीचे केस आणि तिचे शिरोवेष्टन हा तिच्या पदाचा भाग होता. तो जुळवून देणारा माणूस साधा नोकर नव्हता. राजघराण्याची मुलगी मंदिरात आली तेव्हा तिच्याबरोबर एक पूर्ण घरसंसार आला, हे या मुद्रांमधून दिसते.

तिची काव्ये आपल्यापर्यंत आली ती मात्र वेगळ्या मार्गाने. तिच्या हयातीत लिहिली गेलेली एकही प्रत सापडलेली नाही. जवळजवळ सगळ्या प्रती तिच्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी, जुन्या बाबिलोनी काळात, शाळेतल्या मुलांनी लिहिलेल्या आहेत. तोपर्यंत सुमेरियन ही घरात बोलली जाणारी भाषा राहिली नव्हती. धर्माची आणि विद्येची भाषा म्हणून ती शिकवली जात होती. शाळेला पाट्यांचे घर म्हणत. ओल्या मातीची पाटी, कापलेल्या बोरूने दाबलेल्या पाचरीच्या आकाराच्या खुणा, आधी चिन्हे, मग शब्दांच्या याद्या, मग म्हणी, आणि शेवटी मोठी काव्ये असा हा अभ्यासक्रम होता. त्यातल्या वरच्या टप्प्यावर दहा रचनांचा एक ठरलेला संच असे आणि त्यात एनहेदुआनाचे ‘निन-मे-शर्रा’ हे स्तोत्र होते. निप्पूरमध्ये १९५१-५२ मध्ये उकरलेल्या एका लहानशा घरात अशा शाळेच्या पाट्यांचे हजाराहून अधिक तुकडे मिळाले. काही तुकडे जमिनीच्या भरावात आणि बसण्याच्या ओट्यांमध्ये घातलेले होते. चुकलेल्या पाट्या पुन्हा मळून नवी पाटी करण्याची सोयही तिथे होती. त्या दहाही रचना या घरात सापडल्या. लिहायला शिकणारे जवळपास सगळे विद्यार्थी मुलगे होते. एका बाईच्या तोंडचे, तिने ‘मी’ म्हणून सांगितलेले काव्य त्यांना घटवावे लागे.

तिच्या नावाच्या रचनांपैकी ‘मंदिर-स्तोत्रे’ हा संग्रह सर्वांत विस्तृत. यात सुमेर आणि अक्कडमधील मंदिरांना उद्देशून ४२ लहान स्तोत्रे आहेत. सुरुवात दक्षिण टोकाच्या एरिदूपासून, एन्की देवाच्या मंदिरापासून होते. मग निप्पूर, उर, उरुक, लगाश, उम्मा अशी नगरे येतात. उत्तरेकडे सिप्पर आणि खुद्द अक्कडही येते. आणि शेवटचे स्तोत्र एरेश नगरातील निसाबा देवीच्या मंदिराचे आहे. निसाबा ही धान्याची आणि लेखनाची देवी, म्हणजे लेखनिकांची कुलदेवताच. प्रत्येक स्तोत्र आधी मंदिराशीच बोलते. मंदिर हे जणू जिवंत व्यक्ती: त्याचे दार, त्याचा पाया, त्याच्या आतला अंधार, त्याच्या बाहेर पसरलेले तेज यांचे वर्णन करून मग आत राहणाऱ्या देवतेकडे वळायचे आणि तिने इथे आपले आसन मांडले आहे, असे ठरावीक शब्दांत म्हणून संपवायचे. एकेका स्तोत्राखाली त्याच्या ओळींची संख्या दिलेली असते. अखेरच्या पुष्पिकेत पाटी रचणारी एनहेदुआना आहे, आणि पूर्वी कोणी निर्माण केले नव्हते असे काही इथे निर्माण झाले आहे, असे राजाला उद्देशून सांगितले आहे. कोणा कर्त्याने आपल्या कामाच्या नवेपणाचा असा दावा करणे त्या काळी नवलाचे होते.

हा दावा पोकळ नाही. मंदिरांची वर्णने आधीही होती. परंतु परस्परांशी वैर असलेल्या नगरांची दैवते एकाच रचनेत एकापाठोपाठ, एकाच साच्यात मांडणे हे नवे होते. सार्गोनने तलवारीने जोडलेला मुलूख इथे देवदेवतांच्या मालिकेत जोडला जातो. त्यात राजकारण आहे, हे उघड आहे. तरीही ही स्तोत्रे केवळ राजाची तरफदारी करणारी ठरत नाहीत. प्रत्येक मंदिराचा स्वतंत्र स्वभाव त्यात जाणवतो: कुठे भीती आहे, कुठे दुधातुपाची समृद्धी, कुठे पाण्याची खोली. छोट्या नगरांच्या मंदिरांनाही पूर्ण मान मिळतो.

एनहेदुआना चंद्रदेवाची पुजारीण, पण तिच्या नावाची सर्वांत प्रखर काव्ये त्याच्यासाठी नाहीत. ती इनानासाठी आहेत. इनाना ही उरुकची देवी, शुक्राच्या चांदणीची, प्रीतीची आणि युद्धाची. पुराणकथेत ती नन्नाची मुलगी. अक्कडचे लोक इश्तार नावाची युद्धदेवी पुजत. सार्गोनच्या घराण्याची ती आवडती देवता. सुमेरची इनाना आणि अक्कडची इश्तार या एकच, ही समजूत या काळात घट्ट झाली, आणि त्यात या स्तोत्रांचा वाटा मोठा असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

‘इनाना आणि एबिह’ या काव्यात देवी एका पर्वतावर चिडते. एबिह म्हणजे आजचा जबल हमरीन. तो तिच्यापुढे झुकत नाही, म्हणून ती देवांचा पिता आन याच्याकडे जाऊन परवानगी मागते. पर्वताची भयानकता सांगून आन तिला परावृत्त करतो. ती त्याचे ऐकत नाही, शस्त्रे घेऊन निघते आणि पर्वत उद्ध्वस्त करते. या काव्यात एनहेदुआनाचे नाव येत नाही. शैलीच्या साम्यावरून ते तिच्या रचनांमध्ये धरले जाते. ‘इन्निन-शा-गुर-रा’ या जवळजवळ पावणेतीनशे ओळींच्या स्तोत्रात तिचे नाव आहे. हे स्तोत्र देवीच्या सत्तेची गणती करत जाते, आणि ती गणती परस्परविरोधांची आहे. घर उभे करणे तिच्या हाती, मोडणेही तिच्या हाती. नफा तिचा, तोटाही तिचा. पुरुषाची बाई करणे आणि बाईचा पुरुष करणे हेही तिच्याच अधिकारात. इनानाला एका गुणात बसवण्याचा प्रयत्न हे काव्य करत नाही. जगात जे जे उलटते-पालटते ते तिचे, अशी ही कल्पना आहे आणि ती शेवटपर्यंत कुठेही सौम्य केलेली नाही.

‘निन-मे-शर्रा’ हे मात्र या सगळ्यांहून वेगळे काव्य. सुमारे दीडशे ओळींचे हे स्तोत्र आहे आणि त्याच्या शंभरच्या आसपास प्रती सापडल्या आहेत. सुमेरियन वाङ्मयात एवढ्या प्रती फार थोड्या रचनांच्या मिळतात. नावातला ‘मे’ म्हणजे ज्या दैवी शक्तींवर जगाचा व्यवहार चालतो त्या. इनाना ही त्या सगळ्यांची स्वामिनी. पहिला भाग स्तुतीचा. देवी वादळासारखी, पुरासारखी, देशोदेशीच्या लोकांच्या डोक्यावर गर्जत जाणारी. तिला न जुमानणाऱ्या पर्वताची आणि तिथल्या लोकांची दशा काय होते, नद्यांत पाण्याऐवजी रक्त कसे वाहते, सैनिक कसे आपण होऊन कैदेत जातात, हे तपशिलाने येते. इथपर्यंत हे कोणत्याही मोठ्या स्तोत्रासारखे आहे.

मग साधारण मध्यावर, साठ-पासष्ट ओळींनंतर, काव्य वळते. बोलणारी स्वतःचे नाव सांगते: ती एनहेदुआना आहे, महापुजारीण आहे. तिने पवित्र गिपारुमध्ये प्रवेश केला होता, विधीची टोपली वाहिली होती, आनंदाचे गीत गायले होते. आणि आता तिला तिथून काढले आहे. लुगाल-आने नावाच्या पुरुषाने उरवर सत्ता बळकावली आहे. त्याने आनच्या मंदिराचा सन्मान धुळीला मिळवला, तिचा महापुजारिणीचा मुकुट काढून घेतला, तिला काटेरी झुडपांच्या रानात हाकलले आणि तिच्या हाती खंजीर ठेवून तोच तुला शोभतो असे सुनावले. खिडकीतून बाहेर फेकल्या गेलेल्या पाखराची उपमा ती स्वतःला देते. तिचे मधासारखे तोंड बिघडले आहे. ज्या वाणीने ती देवांना प्रसन्न करी तीच आता चालत नाही, असे तिचे गाऱ्हाणे आहे.

लुगाल-आने हे पात्र कल्पनेतले नाही. सार्गोननंतर त्याचे मुलगे रिमुश आणि मनिश्तुशु, आणि मग नातू नराम-सिन गादीवर आला. नराम-सिनच्या काळात मोठा उठाव झाला आणि त्या एका वर्षात आपण नऊ लढाया जिंकल्या असे त्याने लिहून ठेवले आहे. नंतरच्या काळातील एका ग्रंथात या उठावातील बंडखोर राजांची यादी येते; त्यात उरच्या लुगाल-आनेचे नाव आहे. एनहेदुआना तेव्हा वयस्क असणार. गिपारुमध्ये तिला काही दशके लोटली होती.

काव्यातील तिची खरी कोंडी लुगाल-आनेची नाही, नन्नाची आहे. ज्याची ती पत्नी, ज्याच्या सेवेत तिने आयुष्य घालवले, तो चंद्रदेव तिच्या बाजूने एक शब्द बोलत नाही. निवाडा देत नाही. ती त्याला हाक मारते, उत्तर येत नाही. तेव्हा ती त्याला सोडून इनानाकडे वळते. तिने इनानाच्या सत्तेचे वर्णन इतक्या जोराने का केले, हे इथे कळते: नन्नाच्या मौनामुळे रिकामी राहिलेली न्यायाधीशाची जागा आता इनानाने घ्यायची आहे. देवांमध्ये तुझा अधिकार मोठा आहे हे उघड होऊ दे, अशा अर्थाची ओळीमागून ओळ येते. जर्मन विदुषी आनेट त्सगोल यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या काव्याचे वाचन खटल्यासारखे केले आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. पीडिता आहे, आरोपी आहे, मौन धरलेला न्यायाधीश आहे आणि त्याच्या जागी नव्या न्यायाधीशाची नेमणूकही काव्यातच होते.

शेवटाकडे आणखी एक गोष्ट घडते, जी पुढच्या हजारो वर्षांच्या काव्यातही दुर्मिळ आहे: कवयित्री हे काव्य कसे झाले ते सांगते. मन भरून आले होते, रात्र होती, आणि जन्म द्यावा तसे तिने देवीसाठी हे गीत बाहेर आणले. मध्यरात्री तिने जे म्हटले ते भरदुपारी गायकाने पुन्हा म्हणावे. विलाप गाणारे गाला नावाचे गायक मंदिरात असत. तोच इथला गायक. निर्मितीला प्रसूतीची उपमा तिने दिली आणि आपला खासगी आक्रोश सार्वजनिक गायनाच्या हवाली केला. त्यानंतर काव्य पुन्हा तिसऱ्या पुरुषात जाते. देवीने प्रार्थना मानली, तिचे मन शांत झाले, ती तेजाने झळकली, नन्ना आणि निंगाल यांनी तिला अभिवादन केले. एनहेदुआनाला पुजारिणीचे स्थान परत मिळाले, हे यातून सूचित होते.

या काव्याच्या मोठेपणाची जागा त्याच्या तक्रारीत आहे. देवाची स्तुती सुमेरमध्ये सगळेच करत. राजेही स्वतःविषयी लिहवून घेत, पण ते विजयाविषयी. अपमान, हद्दपारी, वाणी बंद पडण्याची भीती, आपल्या देवाने पाठ फिरवल्याचे दुःख या गोष्टी एका ‘मी’च्या तोंडून, नाव सांगून, इतक्या आधीच्या काळात दुसरीकडे कुठे ऐकू येत नाहीत.

ही काव्ये खरोखर तिनेच रचली का, याबद्दल अभ्यासकांमध्ये वाद आहे. शंका घेणाऱ्यांचे मुद्दे वजनदार आहेत. प्रती पाचशे वर्षे नंतरच्या आहेत. त्यांतील सुमेरियन अक्कडी काळापेक्षा पुढची वाटते. मंदिर-स्तोत्रांपैकी एक तर उरच्या शुल्गी राजाच्या मंदिराचे आहे आणि शुल्गी एनहेदुआनाच्या सुमारे दोनशे वर्षांनंतरचा. तेव्हा संग्रहात नंतर भर पडली, यात संशय नाही. प्रसिद्ध राजकन्येच्या तोंडी काव्य घालण्याची हौस एखाद्या पुढच्या लेखनिकाला झाली असेल, असेही म्हणता येते.

उलट बाजूने असे दिसते की जुन्या सुमेरियन वाङ्मयातील बहुतेक कृतींच्या प्रती त्याच उशिराच्या काळातील आहेत. केवळ त्या कारणाने एनहेदुआनाला नाकारायचे तर बाकीचेही बरेच नाकारावे लागेल. लेखनिक नकला करताना भाषा आपल्या काळाला अनुसरून बदलत. लुगाल-आनेसारखे आडबाजूचे नाव आणि उरच्या गिपारुचे तपशील शून्यातून निर्माण करायला एखाद्या शाळामास्तरला कारण काय, हा प्रश्नही उरतो. नीट विचार करता असे म्हणणे योग्य वाटते की आज वाचायला मिळणारा प्रत्येक शब्द तिचा नसेल, पण या काव्यांचा गाभा आणि तिचे नाव यांचा संबंध मेसोपोटेमियाच्या विद्येच्या परंपरेने पक्का मानला होता. सुमेरियन कृती बहुतेक निनावी आहेत. तिथे कर्त्याचे नाव इतक्या आग्रहाने टिकवले गेले, हाच एक पुरावा आहे.

एनहेदुआनानंतर नराम-सिनची मुलगी एनमेनाना उरची महापुजारीण झाली. इसिनच्या इश्मे-दगान राजाची मुलगी एनानातुमा, लार्साच्या रिम-सिनची बहीण एनानेदू या पुढे त्याच पदावर येऊन गेल्या. मग ही परंपरा खंडित झाली. एनहेदुआनानंतर सुमारे सतराशे वर्षांनी, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्यात, बाबिलोनचा राजा नबोनिडस याने जुन्या लेखांचा शोध घेऊन ती पुन्हा सुरू केली आणि आपल्या मुलीला एनिगाल्दी-नन्ना या नावाने उरला बसवले. तिच्या निवासात वूली यांना वेगवेगळ्या शतकांतील प्राचीन वस्तूंचा एकत्र साठा सापडला.

पाचरीच्या खुणांची क्यूनिफॉर्म लिपी विस्मृतीत गेली तशी एनहेदुआनाही गेली. पेनसिल्व्हेनियाच्या मोहिमेने १८८९ पासून निप्पूरमध्ये काढलेल्या पाट्या फिलाडेल्फिया आणि इस्तंबूलच्या संग्रहांत पडल्या होत्या. त्यांचे तुकडे जुळवण्यात पिढ्या गेल्या. वूली यांना चकती मिळाली तेव्हा त्यांचे लक्ष राजघराण्याच्या इतिहासाकडे होते. ही बाई कवयित्री आहे, हे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ध्यानात आले. आडाम फाल्केनश्टाइन यांनी १९५८ मध्ये तिच्यावर लिहिले. १९६८ मध्ये विल्यम हालो आणि यान फान डाइक यांनी ‘निन-मे-शर्रा’चा पूर्ण अनुवाद प्रसिद्ध केला, पुढच्याच वर्षी ओके श्योबेरी यांची मंदिर-स्तोत्रांची आवृत्ती आली आणि १९७५ मध्ये त्यांनीच ‘इन्निन-शा-गुर-रा’ संपादित केले. २०१५ मध्ये बुध ग्रहावरील एका विवराला तिचे नाव देण्यात आले. न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीने २०२२ मध्ये तिला केंद्रस्थानी ठेवून मेसोपोटेमियातील स्त्रियांवर प्रदर्शन भरवले, आणि २०२३ मध्ये सोफस हेले यांनी तिच्या सर्व रचनांचा नवा इंग्रजी अनुवाद केला.

ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केलेल्या सुमेरियन वाङ्मयाच्या संग्रहात तिच्या प्रमुख रचनांचा मूळ पाठ आणि अनुवाद इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. ‘निन-मे-शर्रा’ त्यात जवळपास अखंड आहे. ‘इन्निन-शा-गुर-रा’च्या मधल्या आणि शेवटच्या भागात, जिथे एनहेदुआना पुन्हा स्वतःविषयी बोलू लागते, तिथल्या बऱ्याच ओळी अजून तुटलेल्या आहेत.